आकडा नसलेलं उत्तर

उंबरवाडी, गुंजवण्याच्या वरच्या अंगाला,
ता. वेल्हे

प्रिय उपेंद्र,

'प्रिय' मी मुद्दाम लिहिलं आहे. माझ्या भावाचं, कुमारचं म्हणणं होतं, 'महोदय' लिही, समितीच्या कागदाला तेच शोभतं. पण ज्या माणसाला सोडायला मी स्वारगेटच्या स्टँडवर भोरची शेवटची एसटी हलेपर्यंत उभी राहायचे, त्याला महोदय म्हणायला माझी लेखणी वळेना. शिवाय महोदयाला चार खडे बोल सुनावता येत नाहीत. प्रियाला येतात.

तुझा अर्ज मिळाला. वाडीच्या पाणी समितीची अध्यक्ष मी आहे हे तुला माहीत नसावं. माहीत असतं तर 'विनम्र विनंती' हे शब्द तू दोनदा लिहिले नसतेस. तुझ्या नव्या घराला आमच्या फिल्टरच्या पाण्याची जोडणी हवी आहे. ग्रामसभेत अर्ज वाचला गेला, पुष्कळ बोलाचाली झाली आणि निर्णयही झाला. तो मी शेवटी सांगणार आहे. कुठलाही अहवाल मागच्या पानापासून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, पण या वेळी तेवढी आवर. माझ्या आईने तुझ्या उत्तराची वाट मरेपर्यंत पाहिली. तू दोन-चार पानं थांबलास तर काही बिघडत नाही.

तुला कावीळ झाली होती, आता उतरली, असं कळलं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बातमी आली तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते आणि माझ्या तोंडून सरळ 'बरं झालं' असंच निघालं. शेजारच्या सखूआत्या समोर होत्या. तुला त्या आठवतात का? आईची जन्माची मैत्रीण, कपाळावर मोठं गोंदण. त्या दचकल्या. म्हणाल्या, "आगं, वैऱ्याला बी आसली कावीळ नगं." मी म्हटलं, आत्या, वैऱ्यालाच हवी, दुसऱ्या कुणाला कशाला? त्या सूप घेऊन आत गेल्या. म्हातारीला माझा राग आला होता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं मी हा राग लोणच्यासारखा मुरवला आहे, तो काय एका काविळीने संपणार?

आता जुनं काढते. आपण पुण्यात एकाच वर्गात अर्थशास्त्र शिकत होतो. तू भोरच्या राजवाड्यामागच्या आळीतला, वडील कचेरीत, घरात वर्तमानपत्रं दोन. मी डोंगरातली, वर्गात वेल्ह्याकडची एकटीच. तुला माझं बोलणं आवडायचं, विशेषतः मी चुकून 'हितं' म्हटलं की. पाणी शुद्ध करण्याच्या योजनेने गावाचा किती फायदा होतो, हे मोजायचं काम एका संस्थेकडून आपल्याला मिळालं तेव्हा आपण किती खूश झालो होतो! भोर आणि वेल्ह्यातली काही गावं निवडली होती. जिथे फायदा खर्चापेक्षा जास्त निघेल तिथे आधी योजना होणार होती. त्या गावांत माझी वाडी होती. तू म्हणालास, कामाचं काम होईल आणि तुझ्या घरच्यांनाही भेटता येईल. मी आईला निरोप धाडला की एक पाहुणा येणार आहे. कसला पाहुणा ते लिहिलं नव्हतं, पण आया काय दुधखुळ्या असतात?

आमच्या विहिरीचं पाणी तेव्हा कसं होतं ते तू पाहिलंस. विहीर भातखाचरांच्या खालच्या बाजूला. पाऊस लागला की खाचरातला चिखल, खत, गुरांचं शेण सगळं झिरपून तिच्यात. चहा केला तरी मातीचा वास यायचा. ते पाणी पाहुण्याला द्यायचं नाही म्हणून आई पहाटेच वरच्या झऱ्यावर गेली. तो चढ तुला माहीत आहे, आता तर चांगलाच माहीत असेल. एक खेप तुझ्या पिण्याला, एक तुझ्या जेवणाला, आणि तू आंघोळ करतोस म्हणालास तेव्हा आणखी एक. तांब्याच्या कळशीतून तिने तुला पाणी दिलं आणि तू घटाघट पिऊन म्हणालास, "असलं पाणी मी उभ्या आयुष्यात प्यायलो नाही." आई लाजली. मला आजही त्या लाजण्याची चीड येते. तिची नव्हे, तुझी.

मग तू ओट्यावर बसून विचारायला सुरुवात केलीस. घरी आजारी कोण पडतं, औषधाला काय लागतं, पाणी आणायला किती वेळ जातो. आणि शेवटी तो प्रश्न: स्वच्छ पाणी दारात आलं, तर त्यासाठी महिन्याला किती पैसे द्याल? मी तुला एसटीतच सांगितलं होतं की आमच्याकडे हा प्रश्न असा विचारू नकोस. पाण्याचं मोल तोंडाने काढलं की झरा रुसतो, असं वाडीत लहान पोरसुद्धा सांगेल. तू हसलास आणि तरी विचारलंस. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "पाण्याचं मोल काढू न्हाई, बाबा. आन् तुमी तर घरचं पावणं." तू पुन्हा विचारलंस. तिने हात जोडले. तू शून्य लिहिलंस. पुढच्या घरी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. सखूआत्यांनी तर तुलाच उलट विचारलं, "तुमच्यात पाण्याला पैसं घेत्यात व्हय?" सगळी वाडी एका सुरात नाही म्हणाली आणि तू सगळ्या वाडीपुढे शून्य मांडत गेलास.

तुला कळत नव्हतं असं असतं तर मी कधीच माफ केलं असतं. अडाण्याला माफ करता येतं. पण हे आपण वर्गात शिकलो होतो. 'मला ती वस्तू नको' हे एक शून्य. आणि 'हा प्रश्नच मला मान्य नाही' हे दुसरं शून्य. दुसऱ्या शून्याला फायद्याच्या हिशेबात धरायचं नसतं, पुन्हा जायचं असतं, वेगळ्या तऱ्हेने विचारायचं असतं. परीक्षेत त्यावरच प्रश्न आला होता आणि तू तो माझ्यापेक्षा चांगला लिहिला होतास. मग वाडीची उत्तरं बाजूला ठेवली तर वाडीचं एकही उत्तर उरत नव्हतं, म्हणजे परत यावं लागणार, आणि तुझं तर परदेशी जायचं ठरलेलं. एवढीच ना गोष्ट? बाईच्या वेळेलाही तू शून्य धरलंस. पाणी आणायला गेली नसती तर ती घरीच असती, तिच्या वेळेला बाजारात गिऱ्हाईक नाही, असं त्याचं कारण दिलं होतंस. तुझ्यासाठी तीन खेपा घातलेली बाई समोर चुलीपाशी बसली असताना तुझ्या मनात ही वाक्यं तयार होत होती. भाकरी मात्र चवीने खाल्लीस.

मी तुझ्याशी भांडले, रडले, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून राहिले. तू समजावणीच्या सुरात म्हणालास, "प्रेरणा, भावना वेगळी, पद्धत वेगळी." तो सूर मला अजून ऐकू येतो. वाडीचा फायदा खर्चापेक्षा फार कमी निघाला. योजना हमरस्त्याकडे, शिवऱ्याच्या बाजूला गेली. तिथल्या ढाबेवाल्यांना बाटलीतलं पाणी विकायची सवय, त्यांची जीभ आकडा सांगताना अडखळली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही पाणी हवंच होतं. तू विमानात बसलास. मला दोन पत्रं आली, मग वाढदिवसाचे निरोप, मग तेही नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. आई विचारायची, "पावण्याचं काय उत्तर आलं गं?" लग्नाचं विचारते आहे की नळाचं, ते मी तिला कधी विचारलं नाही. दोन्हींचं उत्तर एकच होतं.

पुढच्या श्रावणात आई झऱ्याच्या वाटेवर घसरली. वाटेला हिरवं शेवाळ धरतं, आणि डोक्यावर भरलेली कळशी. खुब्यापासून पाय निकामी झाला. कुमारने आणि चार जणांनी घोंगडीची झोळी करून तिला खाली रस्त्यावर आणलं, तिथून टेम्पोत घालून भोरला. मी पुण्याहून पोचले तेव्हा ती मला म्हणाली, "कळशीला पोचा आला." ती पुन्हा उभी राहिली नाही. बाजेवर पडून तिने दोन आवण्या पाहिल्या, म्हणजे ऐकल्या. बायका रोपं लावताना गात असायच्या आणि ही आतून सूर धरायची. मग तेही थांबलं.

ती पडली तेव्हा मी तुला सविस्तर लिहिलं होतं. निदान आता तरी संस्थेला कळव, आकडे पुन्हा तपासायला सांग, असं लिहिलं होतं. तुझं उत्तर मला पाठ आहे. ऐकून फार वाईट वाटलं, आईंना विश्रांती घ्यायला सांग. मात्र पडून झालेली दुखापत ही पाण्याच्या दर्जाशी थेट संबंधित नसल्याने तिला आपल्या तक्त्यात रकाना नाही. रकाना नाही! उपेंद्र, मी त्या दिवशी तुझं वाईट चिंतलं. मनापासून, नाव घेऊन चिंतलं. तेव्हापासून एकही दिवस मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

आई गेल्यावर मी पुणं सोडलं. भोरच्या कॉलेजात शिकवायला लागले, राहायला इथेच, वाडीत. कुमारच्या बायकोला वाटलं नणंद डोक्यावर बसणार, पण आमचं जमलं. पुण्यातल्या दुसऱ्या एका संस्थेकडे पुन्हा पाण्याचं काढलं तेव्हा त्यांनी तुझाच अहवाल माझ्या तोंडावर टाकला. तुमच्या वाडीला शुद्ध पाणी नकोच आहे म्हणाले, लोकांनीच सांगितलंय. मी म्हटलं, मला एक संधी द्या, मी मोजून दाखवते. आणि मोजलं. तुझ्यावर सूड उगवायचा म्हणूनच मोजलं. समाजसेवा वगैरे लोक म्हणतात, त्यांना म्हणू दे.

मी कुणाला पैशाचं विचारलंच नाही. आमच्याकडे इर्जिक असते हे तुला त्या दिवशी सांगायचं राहिलं असं नाही, तू ऐकलं नाहीस. कुणाच्या शेताचं काम अडलं की सगळी वाडी आपापली अवजारं घेऊन जाते, मजुरी कुणी मागत नाही, ज्याचं काम तो जेवण घालतो. मी एवढंच विचारलं, पाण्याची इर्जिक घातली तर तुमच्या घरातून काय? आणि जी माणसं तुला आकडा सांगायला तयार नव्हती त्यांची तोंडं उघडली. कुणी म्हणालं, आमी चर खणू. कुणी म्हणालं, दगड आमचं. कुणी आंबेमोहोर काढून ठेवला सगळ्यांच्या जेवणाला. सखूआत्यांनी टाकीला जागा दिली, आपल्या सगळ्यात चांगल्या खाचराचा तुकडा. मी म्हटलं, आत्या, इथे भात होतो. त्या म्हणाल्या, "भात काय, तुझ्या आयला सांगून ठिवलं व्हतं म्या. ती आसती तर तिनं बी दिलं आसतं." हे सगळं मी मजुरीच्या आणि जमिनीच्या भावाने मांडलं. योजनेच्या खर्चाशी ते खांद्याला खांदा लावून उभं राहिलं. संस्थेतल्या साहेबांनी तुझा अहवाल एका बाजूला ठेवला, माझा दुसऱ्या बाजूला, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्या दिवशी मी वेल्ह्याला उतरून पावशेर पेढे घेतले आणि वाटेत एकटीने खाल्ले.

एका उन्हाळ्यात चर खणून झाला. आता विहिरीचं पाणी मोटरने खाचराच्या वर चढतं, तिथे वाळूची गाळण आहे, टाकी आहे, दारोदार नळ आहे. गाळण कुमार सांभाळतो, वाळू धुतो, औषध घालतो आणि कुणी विचारलं तर स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. फायदा काय झाला ते तुला सांगायला हवं, तुझा तो विषय. पावसाळ्यात पोरांची पोटं बिघडणं जवळजवळ थांबलं, हे तुझ्या तक्त्यात बसेल. वाडीतल्या कुंडलिकचं लग्न जमलं, हे बसणार नाही. तीन ठिकाणी त्याला मुलगी द्यायला नकार आला होता, कारण एकच, त्या वाडीत पोरगी दिली की जन्मभर झऱ्याची वाट तुडवणार. आता खालच्या गावांतून वाडीला मुली सांगून येतात. सखूआत्या दुपारी झोपतात. साठ वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोपतात, आणि उठल्यावर सगळ्यांना आपलं स्वप्न सांगत बसतात. लिही कुठे लिहायचं ते.

आता तुझं घर. तू परत आलास, वरच्या उतारावर जागा घेतलीस, शांतपणे पुस्तक लिहायला म्हणे. जागा दाखवणाऱ्या दलालाला तू सांगितलंस की तरुणपणी इथलं झऱ्याचं पाणी प्यायलो होतो, ती चव विसरलो नाही, म्हणून हीच जागा हवी. दलालाने हे कुमारला सांगितलं आणि कुमारने मला. मी त्या दिवशी जेवले नाही. माझी आई विसरलास, मला विसरलास, चव तेवढी लक्षात ठेवलीस. मग तुझा जेसीबी आला. घरासाठी उतार कापताना माती सगळी खालच्या ओघळीत लोटली, आणि झरा त्या मातीखाली गेला. तुला पत्ताही नाही. तू आठवडाभर झरा शोधत फिरत होतास, कुमारला विचारत होतास की इथेच कुठेतरी होता ना? कुमार म्हणाला, "व्हता की. तुमच्या व्हरांड्याखाली बगा." मोल काढलं की झरा रुसतो, यावर माझा आजवर विश्वास नव्हता. मग तू बोअर मारलीस, तिच्यात घराच्याच सेप्टिक टाकीचं झिरपलं, आणि अंथरूण धरलंस. करावं तसं भरावं, दुसरं काय!

तर ग्रामसभा. तुझा अर्ज कुमारने मोठ्याने वाचला. 'योग्य ती, कितीही किंमत मोजायला मी तयार आहे' या वाक्याशी तो थांबला. सखूआत्यांनी विचारलं, "किती म्हंतोय?" कुमार म्हणाला, "कितीबी म्हंत्यात दाजी." त्याने तुला दाजी म्हटलं आणि सगळी सभा हसली. मी हसले नाही. मग मी उठले आणि म्हटलं, यांच्या फायद्याचा हिशेब यांच्याच पद्धतीने करू, म्हणजे अन्याय नको. पहिलं, आजारपणाचा खर्च: दवाखान्याचं बिल विम्याने भरलं, म्हणजे यांचा खर्च शून्य. दुसरं, पाणी आणायचा वेळ: गृहस्थ घरीच बसून असतात, सकाळच्या वेळेला बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणजे शून्य. तिसरं, किती पैसे द्याल: 'कितीही' हा आकडा नव्हे, आणि आकडा नसलेलं उत्तर यांच्या रिवाजाप्रमाणे शून्य धरायचं असतं. उलट खर्च पाहा, घर टाकीच्या वर आहे, एका घरासाठी वेगळी मोटर आणि चढावरची पाइप. फायदा खर्चापेक्षा कमी. जोडणी परवडत नाही. मी हे बोलले तेव्हा माझा आवाज थरथरत होता, आणि तो रागाने थरथरत होता हे सगळ्यांना कळत होतं. आयुष्यात एवढं सुख मला क्वचितच झालं असेल.

पण वाडीला हे पचेना. अखेर सखूआत्याच बोलल्या. "पोरी, तुजा हिसाब बराबर आसंल. पर आमी त्याला पैसं सांगितलं न्हाईत त्ये काय पानी नगं म्हनून न्हाई. तुजा हुनारा नवरा म्हनून दारात आलता. जावयानं इचारलं, पान्याचं काय देशीला, तर काय आकडा सांगायचा? तुजी आय म्हनली व्हती, सांगू नगा, पोरीला कमीपना यील." मला हे माहीत नव्हतं, उपेंद्र. आईने घरोघरी जाऊन सांगितलं होतं. तू जी शून्यं घेऊन विमानात बसलास ती झऱ्याच्या धाकाची नव्हती, निदान नुसती तेवढीच नव्हती. ती माझ्या लग्नातला वाडीचा आहेर होती. सभेत सगळ्यांसमोर मी खाली बसले. मला रडू आलं, आणि रडताना तुझा राग कमी झाला असेल असं तुला वाटत असेल, तर तसं झालेलं नाही. दुपटीने वाढला.

आता निर्णय, तोच कळवायला हे पत्र. जोडणी मिळणार नाही, ते मी सभेकडून मंजूर करून घेतलं. अडला हरी आला आहे तर गाढवाने पाय आखडून का घेऊ नयेत? मला तर तू इथून बिऱ्हाड उचलून जावंस असंच हवं होतं. पण तहानेल्या माणसाला पाणी नाही म्हणायची रीत वाडीत नाही, आणि तिथे माझं अध्यक्षपण चालत नाही. वाडीच्या खालच्या टोकाला, उंबराखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी एक नळ ठेवला आहे. तिथून तू हवं तेवढं पाणी न्यावंस, फुकट. पैसे काढलेस तर सखूआत्या हाताला धरून परत पाठवतील. टाकी आणि बाटल्या गाडीत घालून नेता येणार नाहीत, तुझ्या घराचा रस्ता पलीकडच्या अंगाने आहे, उंबरापर्यंत गाडी येत नाही. उंबरापासून तुझ्या व्हरांड्यापर्यंत एकच वाट, झऱ्याची. कुमारने हे पत्र तुझ्या हातात दिलं तेव्हा सोबत एक तांब्याची कळशी ठेवली असेल. ती भेट नाही. तिला एका बाजूला पोचा आहे तो बघ, तो मी काढून घेतलेला नाही. चिंचेने घासून चकचकीत केली आहे, कारण घरच्या पाहुण्याला वाडी मळकं भांडं देत नाही. सकाळी मी उंबराच्या समोर ओट्यावर बसलेली असते, तुला येताना आणि भरून वर जाताना मला रोज पाहायचं आहे. श्रावण लागतो आहे. वाटेला शेवाळ धरलं आहे, पाय जपून टाक. आणि घसरलासच तर मला कळवू नकोस, त्याला रकाना नाही.

उंबराखालच्या रांगेपुरती का होईना, तुझीच,
प्रेरणा